जुन्या ग्रंथालयात पहिल्यांदा जाताना : ठाणे-नवी मुंबईत नव्यानं आलेल्यांसाठी

"काय हवंय?"

"जुनी पुस्तकं बघायची होती."

"कुठली?"

माझी बोलती बंद झाली. ही गोष्ट ठाण्यातली नाही, माझ्या कॉलेजच्या गावातली. शंभरी ओलांडलेलं वाचनालय होतं. मी दारातून आत शिरलो ते देवळात किंवा किल्ल्यावर जावं तसा, 'बघायला'. टेबलामागच्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्यांचा प्रश्न अगदी साधा होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाच मिनिटं वर्तमानपत्र चाळल्यासारखं करून मी निघून आलो.

नोकरीसाठी घणसोलीला राहायला आल्यावर पुन्हा तीच चूक करायची नाही, एवढं ठरवलं होतं. ठाण्याच्या ग्रंथालयात जाताना खिशात एक चिठ्ठी घेतली आणि चिठ्ठीवर तीन प्रश्न. जुन्या ग्रंथालयात बघण्यासारखं फार काही नसतं हो. कपाटं, ट्यूबलाइट, पंखे आणि रेक्झिनच्या पाठीची बांधीव पुस्तकं. तिथं जायचं ते काहीतरी मागायला. काय मागायचं ते ठरलं की पुढचं सगळं सोपं होतं. म्हणून हे टिपण स्टेशनापासून नाही, घरापासून सुरू करतो.

कोणतं ग्रंथालय?

ठाण्यात 'जुनं ग्रंथालय' म्हटलं की दोन नावं निघतात. एक ठाणे नगर वाचन मंदिर, स्थापना १८५१ ची. म्हणजे बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली (१६ एप्रिल १८५३), त्याच्याही दोन वर्षं आधीची. दुसरं मराठी ग्रंथ संग्रहालय, ठाणे, स्थापना १ जून १८९३.

हे दोन वेगळ्या काळांचे वारस आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्याकडे गावोगाव वाचनालयं निघाली. रत्नागिरीला १८२८, अहमदनगरला १८३८, नाशिकला १८४०, पुण्याला १८४८. त्यांतली बरीचशी 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' या नावानं सुरू झाली. साहेबाचा आश्रय होता आणि कपाटात इंग्रजी पुस्तकांचा वरचष्मा होता. १८९३ साली ठाण्यात जे निघालं त्याचा हेतूच निराळा होता. मराठी ग्रंथ जमवायचे आणि जपायचे, हेच काम. पुढाकार घेणाऱ्यांत होते विनायक लक्ष्मण भावे. त्यांचा जन्म १८७१ च्या नोव्हेंबरातला, म्हणजे वय तेव्हा अवघं २१. पुढे यांनीच 'महाराष्ट्र सारस्वत' हा मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला. ज्याला इतिहास लिहायचा होता त्यानं आधी पुस्तकं गोळा केली, हा क्रम मला फार आवडतो.

मी या लेखात मुख्यतः मराठी ग्रंथ संग्रहालय डोळ्यांसमोर ठेवलंय. पण सांगतोय त्यातलं बहुतेक सगळं कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयालाही (१८६४) लागू पडेल.

नकाशावर शोधताना एक काळजी घ्या. 'मुंबई मराठी ग्रंथ संग्रहालय' ही संस्था वेगळी. ती १८९८ ची आणि दादरला आहे. नुसतं 'मराठी ग्रंथ संग्रहालय' टाइप केलंत तर फोन खुशाल तुम्हाला दादरला नेऊन सोडेल. नावापुढे 'ठाणे' लिहा. ठाण्यातलीही मुख्य जागा स्टेशनजवळ सुभाष पथावर आहे आणि नौपाड्यात शाखा आहे. तुम्हाला हवं ते पुस्तक किंवा विभाग कुठल्या वास्तूत आहे, हे निघण्यापूर्वी फोनवर विचारून घ्या.

घरी बसून करायचं काम

फोनवर आणखी तीन गोष्टी विचारायच्या : साप्ताहिक सुट्टी कधी, देवघेवीची वेळ काय आणि संदर्भ विभाग किती ते किती. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या असतात आणि नवखा माणूस इथंच फसतो. आपल्याकडची बरीच सार्वजनिक ग्रंथालयं सकाळ-संध्याकाळ अशा दोन पाळ्यांत चालतात, दुपारी कुलूप. वाचनकक्ष उघडा दिसतो, पण देवघेवीची खिडकी बंद असते, असंही होतं. वाशीहून किंवा पनवेलहून गाडीत लटकत यायचं आणि बंद खिडकी बघून परत जायचं, यात कसली मजा?

मग चिठ्ठी. तीन प्रश्न लिहा. 'इतिहास', 'जुनं साहित्य' असले ढगळ शब्द नकोत. तुमचं गाव, तुमची गल्ली, आजीच्या तोंडची ओवी, आजोबांनी सांगितलेलं मासिक, असं काहीतरी नेमकं हवं. माझी पहिली चिठ्ठी सांगतो.

घणसोलीत आमच्या इमारतीच्या गच्चीवरून एका बाजूला खाडी दिसते आणि दुसऱ्या बाजूला पारसिकचा डोंगर. मधे सगळं काँक्रीट. नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली १९७० साली. त्याआधी इथं काय होतं, हा माझा प्रश्न. सुरुवात म्हणून मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे इंग्रज सरकारच्या जिल्हावार माहितीग्रंथाचा, ठाणे जिल्ह्याचा खंड काढला, १८८२ चा. इंग्रजीत आहे. राज्य शासनाच्या दर्शनिका विभागानं तो ऑनलाइन ठेवलाय, तेव्हा त्यासाठी कुठं जायची गरज नाही. मिठागरं, भातशेती, आगरी, कोळी, सगळ्यांबद्दल त्यात मजकूर आहे. पनवेलकरांनाही सांगून ठेवतो : पनवेल आज रायगडात असलं तरी ते त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्याला जोडलं गेलं १८८३ साली. त्यामुळे १८८२ च्या खंडापुरतं तुमचं पनवेल ठाण्याच्या पोटात सापडतं. कुलाब्याच्या खंडात शोधत बसाल तर हाती काही लागणार नाही.

पण गॅझेटियर साहेबाच्या नजरेचं. त्याला मीठ किती निघतं ते माहीत आहे. लग्नात काय गातात ते त्याच्या कामाचं नाही. म्हणून चिठ्ठीवरचा पहिला प्रश्न असा झाला : 'आगरी धवल्यांचा छापील संग्रह आहे का?' धवला म्हणजे आगरी लग्नातली गाणी आणि ती म्हणणारी ती धवलारीण. दुसरा प्रश्न : 'ठाणे जिल्ह्याच्या मिठागरांवर मराठीत कुणी लिहिलंय?' तिसरा मात्र घरचा होता, आजीच्या क्रमिक पुस्तकातल्या एका कवितेचा. तो सुटला की नाही, ते पुढे येतंच.

पिशवीत काय घ्यायचं : आधार कार्ड आणि त्याची झेरॉक्स, दोन फोटो, भाड्यानं राहत असाल तर भाडेकरार, सुटे पैसे, वही, शिसपेन्सिल. बॉलपेन असलं तरी पेन्सिल हवीच. कारण पुढे सांगतो. जून ते सप्टेंबर असेल तर एक धड प्लास्टिकची पिशवी. ठाण्याचा पाऊस छत्रीला जुमानत नाही.

स्टेशन ते दार

नवी मुंबईहून ट्रान्स-हार्बरनं येणारी गाडी ठाण्यात ९ किंवा १० नंबरच्या फलाटाला लागते. तुम्हाला जायचंय पश्चिमेला, म्हणजे १ नंबरच्या बाजूला. पूल चढा आणि गर्दीबरोबर वाहत चला. पश्चिमेला बाहेर पडलात की डोक्यावर सॅटिसचा पूल दिसेल. बस त्याच्यावरून सुटतात. तुम्हाला वर चढायचं नाही. खालच्या अंगानं बाजाराकडे निघा आणि सुभाष पथ विचारा. पायी जाण्याइतकं जवळ आहे. रिक्षावाला तोंड वाकडं करेल आणि त्याचं चुकणार नाही.

रस्ता विचारताना 'लायब्ररी' म्हणू नका. स्टेशनजवळ दर चार पावलांवर स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासाच्या 'लायब्ररी' झाल्यात, लोक तिकडे बोट दाखवतात. 'मराठी ग्रंथ संग्रहालय' असं पूर्ण नाव घ्या. त्यातही एखाद्या जुन्या दुकानातल्या काकांना विचारलंत तर बरं.

आणि वाटेत वडापाव दिसला तर आवरा. परत येताना खा. कारण तेलाचं बोट.

टेबलाशी

आत गेल्यावर पिशवी कुठं ठेवायची ते विचारा, छत्री बाहेरच टाका आणि फोन मुका करा. नोंदवही असेल तर नाव, वेळ, सही.

आता थोडी भाषा शिकून घ्या, म्हणजे टेबलापलीकडच्या माणसाशी सूर जुळेल. पुस्तकं घरी न्यायची-आणायची जागा म्हणजे *देवघेव विभाग*. तिथंच बसून वाचायची, घरी न मिळणारी पुस्तकं *संदर्भ विभागात*. वर्तमानपत्रं-मासिकं *वाचनकक्षात*, ती सहसा कुणालाही वाचता येतात. पाठ्यपुस्तकं घेऊन बसायची जागा *अभ्यासिका*, तिची फी वेगळी. प्रत्येक पुस्तकाला दोन आकडे असतात. *दाखलांक*, म्हणजे ते पुस्तक संस्थेत कितवं दाखल झालं तो. आणि *वर्गांक*, म्हणजे विषयाप्रमाणे त्याची जागा. चिठ्ठीवर दाखलांक लिहून दिलात तर पुस्तक काढून देणाऱ्याचे कष्ट निम्मे होतात आणि तो तुम्हाला लक्षात ठेवतो. लक्षात राहणं फार उपयोगाचं असतं.

बोलायला सुरुवात कशी करायची? ठाण्यात समोर कोण आहे ते पाहून 'मॅडम', 'सर' किंवा 'काका' चालतं. पण त्यापुढचं वाक्य नेमकं हवं. माझं असं होतं :

"मॅडम, मी पहिल्यांदाच आलोय. आगरी लग्नगीतांवर काही वाचायचंय. कुठून सुरुवात करू?"

"अभ्यासासाठी की सहज?"

"सहजच. राहतो घणसोलीला."

"मग लोकसाहित्य बघा आधी. थांबा, सांगते."

बस, एवढंच. 'पहिल्यांदाच आलोय' हे सांगायला लाजू नका. त्या चार अक्षरांत तुमच्या पुढच्या दहा चुका माफ होतात. ग्रंथपाल मंडळींना दिवसभर 'नवीन काय आलंय?' याखेरीज कुणी काही विचारत नाही. खरा प्रश्न घेऊन आलेला माणूस त्यांना आवडतो, असा माझा आजवरचा अनुभव आहे.

सभासद व्हायचं का?

महिन्यातून दोनदा येणं होणार असेल तर व्हा. प्रवेश फी, अनामत आणि वर्गणी असे तीन आकडे तुम्हाला सांगितले जातील. पैकी अनामत परत मिळते, बाकीचे दोन मिळत नाहीत. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, त्याखाली ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि त्याप्रमाणे अनुदान मिळतं. त्यामुळे वर्गणी फार नसते. दिवाळीच्या सुमारास बऱ्याच ठिकाणी दिवाळी अंकांची निराळी योजना निघते : एकरकमी पैसे भरा आणि पाळीपाळीनं अंक घरी न्या. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही हौस आहे. आता सगळे अंक विकत घ्यायचे तर बोनस पुरणार नाही.

अनामतीची पावती फाइलला लावा. खरंच लावा.

पुस्तक शोधायचं कसं

इथं जरा रेंगाळतो. सगळ्यात जास्त निराशा याच टप्प्यावर होते आणि 'तुमच्याकडे नाहीये वाटतं' म्हणून माणूस परत फिरतो. पुस्तक असतं. आपण चुकीच्या नावानं हाक मारत असतो.

पहिली अडचण आडनावाची. सूचीत आडनाव आधी येतं, हे ठीक. पण टोपणनावांचं काय? तलावपाळीवर गडकरी रंगायतन आहे, ते ज्यांच्या नावाचं त्या राम गणेश गडकऱ्यांचीच गोष्ट घ्या. नाटकं गडकरी या नावानं. कविता गोविंदाग्रज या नावानं. विनोदी लेख बाळकराम या नावानं. एक माणूस, 'ग'मध्ये दोनदा आणि 'ब'मध्ये एकदा. नीट केलेल्या सूचीत एका नावाखाली दुसऱ्या नावाकडे बोट दाखवलेलं असतं, पण सगळ्याच सूच्या नीट नसतात. केशवसुत मिळाले नाहीत तर दामले बघा. कुसुमाग्रज मिळाले नाहीत तर शिरवाडकर.

दुसरी अडचण शुद्धलेखनाची, आणि ही संगणकावर जास्त नडते. आज आपण लिहितो ते नियम मराठी साहित्य महामंडळानं ठरवून शासनानं मान्य केले १९६२ साली. त्याआधीच्या पुस्तकांवर अनुस्वारांचा नुसता सडा : 'नाहीं', 'कांहीं', 'पुस्तकें', 'ठाणें'. शिवाय तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या, शब्दांच्या शेवटी ऱ्हस्व : 'कवि', 'बुद्धि', 'गुरु'. सूची करणाऱ्यानं मुखपृष्ठावर होतं तसंच उतरवलं असेल तर तुमच्या 'कवी'ला संगणक 'काही आढळले नाही' म्हणणार. 'कवि' करून बघा. एक अनुस्वार देऊन बघा, एक काढून बघा. शीर्षक पूर्ण टाकू नका, मधला एखादा ठळक शब्द टाका. आजीच्या क्रमिक पुस्तकाचं घोडं माझ्याकडून असंच अडलं होतं. शब्द तिला पाठ होते, मी ते आजच्या शुद्धलेखनात टाइप करत होतो. शेवटी शेजारी बसलेल्या एका आजोबांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "अहो, टिंब द्या की त्याच्यावर."

टिंब दिलं. मिळालं.

तिसरी गोष्ट सालांची. जुन्या पुस्तकावर कित्येकदा इसवी सन नसतोच, 'शके १८१५' असं असतं. त्यात ७८ मिळवा : १८९३. महिना जानेवारी ते गुढीपाडव्याच्या आधीचा असेल तर ७९. वर्ष शोधणाऱ्या माणसानं हे तोंडपाठ केलेलं बरं, नाहीतर १८१५ सालचं छापील मराठी पुस्तक सापडलं म्हणून उड्या माराल. त्या काळात मराठी छपाई जेमतेम रांगत होती. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरीनं मराठीचं व्याकरण छापलं तेच १८०५ मध्ये.

वर्गांकाचं थोडक्यात. जिथं ड्यूई दशांश पद्धत वापरतात तिथं मराठी साहित्याचा आकडा ८९१.४६. त्यापुढे १ आला तर कविता, २ नाटक, ३ कथा-कादंबरी, ४ निबंध. एवढं कळलं की कपाटासमोर उभं राहून दिशा लागते. काही ठिकाणी मात्र साधे विभागच असतात, 'चरित्र', 'प्रवास', 'धार्मिक' असे. तिथं गंमत अशी की एखादं पुस्तक तुमच्या मते इतिहासात असायला हवं आणि ते निघतं 'संकीर्ण'मध्ये. संकीर्णाचं कपाट चुकवू नका. माझी निम्मी चांगली सापडणी तिथलीच.

पुस्तक होतं की नव्हतं, इथपासूनच शंका असेल तर शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूचि' मागा. पहिला खंड १८०० ते १९३७ आणि दुसरा १९३८ ते १९५० पर्यंतच्या छापील मराठी पुस्तकांचा. एका माणसानं हे काम केलं. संगणक नव्हता, चिठ्ठ्याच होत्या. तासभर नुसता तो खंड चाळलात तरी गाडीभाडं वसूल.

पुस्तक हातात आल्यावर

साधारण १८५० नंतर कागदात लाकडाचा लगदा आला आणि शाई फुटू नये म्हणून तुरटी-राळ वापरू लागले. त्यानं कागदात आम्ल राहतं आणि ते कागदाला आतून खातं. म्हणून कधी कधी १९२० चं पुस्तक बिस्किटासारखं तुटतं आणि त्याच्याहून पन्नास वर्षं जुनी, चिंध्यांच्या कागदावरची पोथी खणखणीत राहते. वय बघून पुस्तकाची तब्येत ठरवू नका.

हाताळायचं असं. हात धुवा आणि कोरडे करा. (वडापाव आठवा.) पुस्तक टेबलावर ठेवूनच उघडा, हातात धरून नाही. पूर्ण १८० अंशांत सपाट पाडू नका, बांधणी कडकन तुटते. पान उलटताना वरचा उजवा कोपरा अलगद उचला. बोटाला थुंकी लावायची सवय बऱ्याच जणांना आहे, घरात मोठ्यांना तसंच करताना पाहिलेलं असतं. ती इथं सोडा. पान दुमडून खूण करायची नाही, रिकाम्या कागदाची पट्टी ठेवा. टिपणं पेन्सिलीनं काढा, कारण पेन ठिबकलं तर डाग कायमचा. पानं चिकटलेली असतील तर नखानं सोडवू नका, टेबलाशी नेऊन दाखवा. तेवढी धांदरटगिरी मी एकदा केली आहे, एका पानाची दोन झाली, आणि अजून ते आठवलं की कानाच्या पाळ्या तापतात.

पुस्तकाला डांबरगोळ्यांचा वास येईल. येऊ दे. आपल्या हवेत कसर आणि वाळवीशी लढायला पूर्वापार तेच हत्यार होतं. दम्याचा त्रास असेल तर रुमाल जवळ ठेवा.

फोटो काढायचाय? विचारा. परवानगी मिळाली तरी फ्लॅश बंद, आणि शेजारच्या वाचकाचं तोंड फोटोत येणार नाही असं बघा. झेरॉक्सचंही तेच : जुनी बांधणी यंत्रावर दाबून देणार नाहीत, ते बरोबरच आहे. कायद्याचं म्हणाल तर भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो. भावे गेले १९२६ साली, त्यांचा स्वतःचा मजकूर आता सर्वांचा. पण त्याच 'सारस्वता'ला शं. गो. तुळपुळे यांनी लिहिलेली पुरवणी नंतरची आहे, तिचा हिशेब निराळा. अभ्यासापुरती काही पानं घेणं वेगळं आणि अख्खं पुस्तक फोनमध्ये घालून ग्रुपवर सोडणं वेगळं. हे कुणी मुद्दाम सांगत नाही म्हणून सांगितलं.

एखाद्या जुन्या वहीत किंवा पोथीत वर रेघ मारून तिला लोंबणारी, न उचललेल्या लेखणीची अक्षरं दिसली तर ती मोडी. ओळखता आली नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. मोडी शाळांतून जाऊन आता दोन-तीन पिढ्या झाल्या.

हवं ते मिळालं नाही तर

धवल्यांच्या शोधात मला पहिल्या दिवशी एकच पातळ पुस्तक मिळालं आणि मिठागरांवर वेगळं पुस्तक मिळालंच नाही. पण त्या पातळ पुस्तकाच्या शेवटी संदर्भांची यादी होती. ती उतरवून घेतली आणि पुढच्या तीन खेपांची सोय झाली. नेहमी असंच असतं. पुस्तकाच्या शेवटची दोन पानं आधी वाचा.

मासिकांच्या जुन्या फायली विचारायला विसरू नका. पुष्कळ गोष्टी पुस्तकात कधी आल्याच नाहीत, त्या एखाद्या अंकात पडून आहेत. ठाण्याला छापील मजकुराची परंपरा जुनी आहे. 'अरुणोदय' हे साप्ताहिक इथून १८६६ मध्ये निघालं होतं. साहित्य संमेलनंही ठाण्यानं १९६०, १९८८ आणि २०१० साली भरवली. संमेलनाच्या स्मरणिकांत गावाबद्दलचे लेख असतात. स्थानिक इतिहास हवा असेल तर स्मरणिका मागा, हा माझा हुकमी पत्ता. कुणी मागत नाही, म्हणून काढून देणारासुद्धा खूश होतो.

तरीही नाहीच मिळालं, तर मुंबईला फोर्टात टाऊन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटी आणि राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १९५४ च्या कायद्यान्वये प्रकाशकांनी ज्या चार ग्रंथालयांना नव्या पुस्तकाची प्रत द्यायची, त्यांतलं एक मुंबईचं. पण ठाण्यात विचारून, पूर्ण नाव, लेखक, साल लिहून घेऊन मगच तिकडे जा. तिथंही टेबलामागून 'कुठलं?' हाच प्रश्न येणार आहे.

काही सुटं

वाचनकक्षात सकाळी ठरलेल्या खुर्च्यांवर ठरलेले आजोबा बसतात. खुर्चीवर नाव नसतं, पण असतं. त्यांच्याकडून पेपर मागताना "झालं की द्याल का?" एवढंच म्हणायचं आणि पुरवणी आधी पळवायची नाही. आठवडाभरात तेच तुम्हाला 'आज उशीर झाला?' विचारतील.

मुलांना आणत असाल तर बालविभाग कधी उघडा असतो ते वेगळं विचारा. मे महिन्याच्या सुट्टीत आणा, त्यांना स्वतःचं पुस्तक स्वतः मागू द्या. तुम्ही मागून बोलू नका.

एक विनंती. घर बदलताना जुनी गाइडं आणि फाटकी मासिकं गोणीत भरून 'ग्रंथालयाला दान' म्हणून आणून टाकू नका. आधी यादी द्या, त्यांना हवीत ती ते सांगतील. आजोबांच्या पेटीत शंभर वर्षांपूर्वीचं काही निघालं तर मात्र आवर्जून दाखवा, मुखपृष्ठ फाटलेलं असलं तरी.

परतताना वेळ असेल तर तलावपाळीला एक फेरी मारा, मासुंदा तलावाच्या काठाकाठानं, कौपिनेश्वराच्या देवळापर्यंत. भूक असेल तर मामलेदारची मिसळ. मध्यम तिखट सांगितलंत तरी नाक गळतं, त्यामुळे घरी न्यायला घेतलेलं पुस्तक पिशवीतच राहू द्या, टेबलावर नको.

आणि ठाणं सोडून जायची वेळ आली, बदली झाली, घरमालकानं करार वाढवला नाही, काहीही असो, तर सामान बांधण्याच्या आदल्या आठवड्यात एक खेप ग्रंथालयाची ठेवा. गादीखालचं, गाडीच्या डिकीतलं, ऑफिसच्या खणातलं असं सगळीकडचं पुस्तक शोधून जमा करा, ती अनामतीची पावती द्या आणि पैसे घ्या. पावती फाइलला लावली होती ना?